ड्रायव्हरच्या उजव्या हाताला

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण ते नुसतं शोभेचं. दिवस चालायचा तो बाबांच्या जीपवर. सकाळी जीप अंगणातून निघाली की आई पाणी भरायला लागायची, आणि संध्याकाळी लाकूड डेपोच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला की भाताचं आधण ठेवायची. मधला पूर्ण दिवस आम्ही घरातल्या तिघी भीत बसायचो. खोटं कशाला बोलू, लहानपणाची पहिली आठवण कोणी विचारली तर मला तीच येते. दुपारची सुनसान वेळ, अंगणात मोहाची फुलं वाळत पडलेली, त्यांचा तो गोड आंबूस वास, आणि आई हातातलं सूप तसंच धरून रस्त्याकडे कान लावून बसलेली. काय ऐकून राह्यली म्हणून विचारलं की म्हणायची, "काई नाई." आणि पुन्हा ऐकायला लागायची.

बाबा काळी-पिवळी चालवायचे. आलापल्ली ते एटापल्ली आणि बाजाराच्या दिवशी त्याच्याही आत, जिथवर रस्ता म्हणवेल असा रस्ता असेल तिथवर. दोन्ही अंगांनी साग, बांबू, आणि मधून एक गाडी जाईल एवढा डांबराचा पट्टा. आज त्याच रस्त्यानं सूरजागडचे लोखंडाचे दगड भरलेले ट्रक धडधडत जातात, झाडांची पानं लाल धुळीनं माखलेली असतात, आणि कोणाला कशाचा आवाज वेगळा ऐकू येईल अशी सोयच राहिलेली नाही. तेव्हा मात्र तासन् तास गाडी जायची नाही. फोन नव्हता. सकाळी गेलेला माणूस कुठे आहे, आहे की नाही, हे तो परत आल्यावरच कळायचं.

काळी-पिवळीत बसायची आमच्याकडची जी रीत आहे ती आधी सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली हे ठरवतो ड्रायव्हर. मागे दोन्ही बाकड्यांवर माणसं, मध्ये टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, मागच्या पायरीवर लटकलेली पोरं. पुढच्या सीटवर ड्रायव्हर स्वतः मधोमध सरकतो. त्याच्या डाव्या हाताला दोघं, आणि उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हर आणि त्याचा दरवाजा यांच्या मध्ये, आणखी एक माणूस. हा उजवीकडचा माणूस अर्धा सीटवर आणि अर्धा हवेत असतो. ड्रायव्हरनं स्टेअरिंग फिरवलं की त्याचा कोपर ह्याच्या बरगडीत लागतो. एकदा नागपूरचे एक साहेब बाबांच्या गाडीत बसले होते, ते अर्धा रस्ता गप्प बसले आणि मग हळूच विचारते झाले की भाऊ, गाडी नेमकं कोण चालवून राह्यलं? बाबा ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचे.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि काकी. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची, बापूकाकाची बायको. तिचं माहेर सिरोंचाकडचं. तिच्या हातचा चिंचेचा चारू, म्हणजे आंबट पातळ सार, असा की ताटातला भात संपला तरी बोटं चाटत बसावं, आणि ती चिडली की तेलुगूत पुटपुटायची, त्यामुळे ती नेमकी कोणाला काय म्हणाली हे शेवटपर्यंत कळायचं नाही. आईला ते फार लागायचं. शिवी दे पण समजेल अशी दे, असं आई म्हणायची.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, तो ज्या खाटेवर बसतो तिला हात लावायचा नाही, त्याच्या अंगावरून वारा जाईल इतक्या जवळून जायचं नाही. बाबा अंगणातून आत आले की काकी मागच्या दारानं बाहेर. एका घरात इतकी वर्षं राहून त्या दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. सगळा कारभार माझ्यामार्फत. काकी आतून म्हणायची, "सांग त्यायले, ताट वाढलं." बाबांना ते स्पष्ट ऐकू गेलेलं असायचं, मध्ये काय, एक मातीची भिंत तर होती. तरी ते तसेच बसून राहायचे. मी येऊन म्हणायचे, बाबा, ताट वाढलं. मग ते उठायचे. ह्यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याला हाक काय मारायची हेसुद्धा आमच्यात कोणी ठरवलेलं नव्हतं. काकीशी बोलताना आईही त्यांना तुझे भाऊजी म्हणायची नाही, काकीही काही म्हणायची नाही, ते नुसते "ते" होते.

बापूकाका गेले तेव्हा मी अगदी लहान होते. तेही त्याच रस्त्यावर जीप चालवायचे. मधल्या नाल्याच्या उतारावर त्यांची जीप रस्ता सोडून खाली दगडांत गेली. बाजारची माणसं होती गाडीत, ती मोडली-तुटली पण वाचली. काका नाही वाचले. काकीचं लग्न होऊन दोन पावसाळेही झाले नव्हते. काय झालं म्हणून विचारलं की घरात जो तो वेगळं सांगायचा. आई म्हणायची, रानडुक्कर आडवं आलं. शेजारचे म्हणायचे, ब्रेक लागला नाही. बाबा म्हणायचे, "त्याचं भरलं होतं," आणि उठून जायचे. मला एवढंच माहीत की त्यानंतर आई बाबांच्या जीपमध्ये कधी बसली नाही. माहेरी जायचं असलं तरी एसटीची वाट पाहायची. आणि काकी तर त्या जीपच्या सावलीतही जायची नाही, अंगणात सडा टाकताना जीपची जागा सोडून टाकायची.

मी अकरावीत गेले त्या वर्षी, धान कापून झाल्यावर, बाबांच्या जीपला आवाज सुरू झाला.

तो काही मोठा आवाज नव्हता. ब्रेक मारला की एकदा ठक, आणि पाय काढला की पुन्हा ठक. रोज नाही, सारखा नाही. पहिल्यांदा मी ऐकला तेव्हा शाळेतून बाबांच्याच गाडीत येत होते. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली. मागे बसलेल्या म्हाताऱ्यानं माडिया बोलीत बाजूच्याला काहीतरी म्हटलं आणि दोघंही खाली चाकाकडे वाकून पाहायला लागले. आमच्या रस्त्यावरची माणसं मोठी समजदार असतात, गाडी वाजायला लागली की ती गाडीवाल्याला काही म्हणत नाहीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीत बसतात.

म्हणून आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांचा एक इलाज असतो. पट्टी मारणे. टायरच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापायची आणि जिथून आवाज येतो असं वाटतं तिथे लोखंड आणि लोखंडाच्या मध्ये ठोकून बसवायची. दार वाजतं, मार पट्टी. बॉनेट वाजतं, मार पट्टी. चाकावर ते कमानीसारखे वाकलेले लोखंडी पाटे असतात ना, एकावर एक ठेवलेले, ज्यांच्यावर गाडीचं वजन झुलतं, ते वाजले की त्यांच्या खाली पट्टी. बाबांनी रविवारी अंगणात जीप जॅकवर चढवली, खाली शिरले, दोन-तीन ठिकाणी पट्ट्या ठोकल्या, बाहेर आले आणि हात धुतले. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. बाबा खुश. आईनं त्या संध्याकाळी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या तळल्या. मलाही बरं वाटलं. फक्त काकी जेवली नाही. पोट दुखून राह्यलं म्हणाली.

आता माझ्या पुतण्याची गाडी आहे, तिला जरा काही झालं की समोर पिवळा दिवा लागतो. परवा तो ती चंद्रपूरच्या वर्कशॉपात घेऊन गेला, तिथल्या मुलानं एक वायर जोडली आणि पडद्यावर वाचून सांगितलं कुठे काय बिघडलं ते. मी शेजारी खुर्चीवर बसून पाहत होते. मी दोन्ही पाय फरशीवरून उचलून खुर्चीवर घेतले होते, पुतण्याला वाटलं एसीमुळे. म्हटलं, असू दे बाप्पा, एसीमुळेच.

आवाज बंद होऊन पंधरवडाही झाला नसेल, तो परत आला. ह्या वेळी जास्त जड. आधी जो बोटाच्या टिचकीसारखा होता तो आता मुठीनं दार ठोकल्यासारखा झाला. बाबांनी आणखी एक पट्टी मारली. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. बाबांनी मग पोचन्नाकडे गाडी नेली. पोचन्ना आमच्या चौकातला मिस्त्री, भला माणूस, पण त्याला प्रत्येक आवाज सायलेन्सरचाच वाटायचा. त्यानं रिकामी जीप उचलली, चारही चाकं धरून हलवली, काही हललं नाही. हलणार कसं, रबर ठासून भरलेलं होतं. पट्टीचं त्यानं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. पट्टी ही काय सांगायची गोष्ट आहे? डॉक्टरकडे जाऊन आपण चहा पितो हे सांगतो का? पोचन्नानं सायलेन्सर आवळून दिला आणि म्हणाला, "घेऊन जा भाऊ, गाडी एकदम ओके."

घरी येताना बाबांनी एका ओळखीच्याला उजवीकडे बसवून घेतलं, आणि डेपोच्या वळणावर ठक. मी अंगणात उभी होते, मला तिथवर ऐकू आलं. आईलाही आलं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि देवाजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी जीपच्या पुढे लिंबू-मिरची, तिसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या देवाला नारळ. त्या नारळाचं खोबरं खाताना बाबांचा हात कापत होता, हे मी पाहिलं. बाबा भ्यायले होते. हा माणूस वाघ रस्त्यावर बसला तर हॉर्न न वाजवता शांतपणे बिडी ओढत थांबायचा. तो माणूस ताटावर बसून कापत होता, आणि आपण कापतो हे कोणाला दिसू नये म्हणून पाण्याचा गडू दोन्ही हातांनी धरत होता. मला आयुष्यात त्यानंतर खूप भीती वाटल्या, दवाखान्यातल्या, पोरांच्या, परीक्षेच्या. पण बाप भ्यालेला दिसणं ही वेगळीच भीती आहे. तिच्यापुढे पळून जायला घर नसतं.

मी मग त्या आवाजाच्या मागेच लागले. शाळेला जाता-येता मी जीपमध्ये जागा बदलून बसायला लागले आणि ध्यान देऊन ऐकायला लागले. मागे माणसं कितीही भरू द्या, फरक पडत नव्हता. तांदळाची पोती घातली तरी नाही. पण उजवीकडे, बाबा आणि दरवाजा यांच्या मध्ये कोणी बसलं असलं की मात्र ब्रेकवर हमखास ठक. त्या जागी कोणी नसलं की नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी रागावले, मग म्हणाले, बस मग तू तिथी आणि सांग कुठून येते ते. मी बसले. आवाज आला. मला तो डावीकडून आल्यासारखा वाटला. पुन्हा आला तेव्हा खालून, मग इंजिनातून. भ्यालेल्या माणसाचे कान काही कामाचे नसतात, त्याला सगळीकडूनच ऐकू येतं.

आणि नेमकं तेव्हाच लग्न आलं. एटापल्लीच्या अलीकडच्या एका गावातल्या लोकांनी बाबांची जीप वरातीला ठरवली. नवरी आणायची होती, नवरीबरोबर तिची आजी, करवल्या, लेकरं, वाजंत्री. रस्ता मधल्या नाल्याचा. बाबांनी आधीच हो म्हटलं होतं, आणि आमच्याकडे वरातीला हो म्हणून माघारी फिरणाऱ्याच्या गाडीत नंतर कुत्रंही बसत नाही. वरातीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी पुन्हा जीप जॅकवर चढवली. मला म्हणाले, आत जा आणि काकीजवळून ट्यूबची पट्टी कापून आण. काकी विळीवर ट्यूब छान सरळ कापायची, ते काम तिचंच होतं.

मी आत गेले. काकी चुलीपुढे बसली होती. मी म्हटलं, पट्टी पाह्यजे. ती उठली नाही. चुलीत पाहत राहिली. मी पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली, "सांग त्यायले, पट्टी नाई भेटत."

मी बाहेर येऊन सांगितलं. बाबांनी ऐकलंच होतं. ते जीपखालूनच ओरडले, काऊन नाई भेटत, कोपऱ्यात ट्यूब पडली आहे ती मोठी. मी पुन्हा आत. काकी म्हणाली, "सांग, पट्टीनं आवाज जाते. दुखणं नाई जात." मी पुन्हा बाहेर. आई मध्ये आली, काकीवर चिडली, आपलं काम कर म्हणाली, गाडीतलं तुले काय समजते. काकी तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मग तिनं पदर डोक्यावर पुढे ओढला, कमरेला खोचला आणि मागच्या दारानं नाही तर पुढच्या दारानं अंगणात आली.

बाबा जीपखालून बाहेर येत होते. तिला समोर पाहून त्यांनी मान खाली घातली, जशी रीत. काकी त्यांच्या बाजूनं गेली आणि जीपमध्ये चढली. डावीकडून नाही. ड्रायव्हरच्या दरवाजानं चढली आणि उजवीकडे, टोकाला, त्या अर्ध्या सीटवर बसली. दांडी धरली. समोर पाहत राहिली.

आईच्या तोंडून "अवो बाप्पा" निघालं आणि तिनं पदर तोंडावर घेतला. तिथे बसायचं म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. खांद्याला खांदा. भासऱ्याचा कोपर. ज्याच्या खाटेला हात लावायचा नाही त्याच्या अंगाला अंग लावून बसायचं, तेही भर दिवसा, सगळी वस्ती पाहत असताना. शेजारच्या दोघी-तिघी खरोखरच कुंपणाशी आल्या होत्या. बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग मला म्हणाले, "तिले म्हण उतर." मी म्हटलं, काकी, उतर म्हणतात. काकी मला म्हणाली, "सांग त्यायले, ह्या जागेवर बसून मी माहेरी जात होती. तुमच्या भावाच्या गाडीत. हा आवाज कानाले नाई समजत, पायाले समजते. मले ओळखू येते."

बाबांनी जॅक उतरवला. मला डावीकडे बसवलं. स्वतः मधे बसले, इतके माझ्याकडे सरकून की मी दरवाजाला चेपले, आणि तरी त्यांचा उजवा खांदा काकीला लागतच होता. त्या जागेत न लागायला जागाच नाही. जीप सुटली. मी बाबांच्या पलीकडे वाकून पाहिलं तर काकीनं चपला काढून दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर सपाट टेकवले होते आणि डोळे मिटले होते. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिला किती भीती वाटत असेल ते मला तेव्हा समजलं नाही. आज समजतं. माझ्या नवऱ्याचा जीव जिथे गेला त्या खुर्चीजवळूनही मी कितीतरी महिने गेले नाही.

सपाट रस्त्यावर बाबांनी ब्रेक मारला. ठक. पुढे पुन्हा मारला. ठक. काकीनं उजवा पाय जरा पुढे सरकवला, काही चाचपावं तसा. असं करत करत मधला नाला आला. बाबांनी उताराच्या वर गाडी थोडी हळू केली, मला वाटलं ते आता फिरवतील. पण उद्या वरात घेऊन इथूनच जायचं होतं. ते हळूहळू उतारावर घ्यायला लागले आणि ब्रेकवर पाय ठेवला. ह्या वेळी ठक नाही झालं. लोखंडाचा मोठा तुकडा सरकावा तसं खालून घरर झालं आणि स्टेअरिंग आपोआप उजवीकडे ओढलं गेलं. नाल्याच्या बाजूला.

"थांबवा."

काकी बोलली. मला नाही. बाबांना. जोरात नाही, पण सरळ बाबांकडे तोंड करून. बाबांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग डावीकडे दाबून धरलं, ब्रेक आणखी दाबला, आणि जीप रस्त्याच्या कडेच्या मुरुमात चाक रुतवून थांबली. माझी बाजू रस्त्यावर होती. काकीची बाजू खाली दिसणाऱ्या दगडांवर होती. तिनं खाली पाहिलं आणि डोळे पुन्हा मिटले. मग म्हणाली, "पुढचं उजवं चाक. वर जिथी तुम्ही पट्टी मारता तिथी. पट्टी काढून पाहा."

बाबा माझ्या अंगावरून उतरले. चाकापुढे दगड लावला, पाना घेतला आणि खाली शिरले. मी रस्त्यावर बसून पाहत होते. पाट्यांना खालच्या एक्सलशी आवळणारे बोल्ट त्यांनी जरा सैल केले आणि पक्कडीनं रबर ओढायला लागले. एक पट्टी निघाली. तिच्यामागे दुसरी, तिसरी, चेपून काळी-पातळ झालेल्या. शेवटची निघाली तसा आतून एक लोखंडी तुकडा टप्पकन बाबांच्या छातीवर पडला. सगळ्या पाट्यांच्या मधोमध जो एक बोल्ट असतो, पाटे आणि एक्सल जागेवर धरून ठेवणारा, त्याचं ते तुटलेलं डोकं होतं. नवं तुटलेलं नव्हतं. तुटल्या जागी गंज धरला होता. म्हणजे तो कधीचा तुटला होता, एक्सल ब्रेकवर मागे सरकत होता, आणि तेच ठक करून आम्हाला सांगत होता. आणि आम्ही त्याच्या तोंडात रबर कोंबत होतो. रबरामुळे बाकीचे बोल्टही नीट आवळले जात नव्हते. जितकी पट्टी जास्त तितका तो सैल, जितका सैल तितकी आणखी पट्टी.

बाबा बाहेर आले ते उठलेच नाहीत. रस्त्यावरच बसले. तुकडा हातात फिरवत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी त्यांच्याजवळ गेले नाही. मला वाटलं उद्याच्या वरातीचं मनात आलं असेल, नवरी, तिची आजी, लेकरं. पण ते भलतंच बोलले. खाली बघत, कोणालाच नाही असं म्हणाले, "बापूच्या गाडीले पट्टी मीच मारली होती. जायच्या आदल्या दिवशी. थो म्हणत होता, दादा, एकदा खोलून पाहू. मी म्हटलं, काय खोलतं, पट्टी मार."

रस्त्यावर कोणी नव्हतं. वारा शिरून बांबू एकमेकांवर घासत होते तेवढाच आवाज. मी घाबरून काकीकडे पाहिलं. आता ही काय करेल. मला वाटलं रडेल, शाप देईल, तेलुगूत का होईना. ती जीपमधून उतरली, अनवाणीच, आणि बाबांच्या समोर रस्त्यावर बसली. पदर डोक्यावरून मागे पडला होता, तो तिनं सावरला नाही.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "पट्टी मीच कापून देल्ली होती. तुम्ही बाहेरून मागितली, मी आतून विळीवर कापली. ह्या पोट्टीच्या हातून पाठवली."

मला ते आजही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे. लहान हातात रबराची पट्टी घेऊन दारातून अंगणात जाणारी मी, अशी आठवण मी कितीदा तयार करून पाहिली, ती खरी होत नाही. पण ती खोटंही बोलली नव्हती.

"तुले तेव्हाही ओळखू आला होता आवाज?" बाबांनी विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, मला मध्ये न घेता.

"आला होता. त्याले सांगतलं मी. थो म्हणे, दादा म्हणते काई होत नाई."

"मंग मले काऊन नाई बोलली?"

काकीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच विचार करून सांगावं तसं ती म्हणाली, "तुम्हाले बोलाची सोय कुठी होती?"

बाबांनी बोल्टाचा तुकडा खाली ठेवला. दोन्ही हात तोंडावरून फिरवले. हाताचं काळं ग्रीस सगळ्या तोंडाला लागलं. मग ते म्हणाले, "आता बोल."

जीप तिथेच ठेवून आम्ही घराकडे पायी निघालो. वरातीला दुसऱ्याची जीप सांगायची होती, ते सांगितलं पुढे, लोक काय काय म्हणाले तेही ऐकलं. पण त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंचं जंगल उन्हानं तापलेलं, आणि बाबा आणि काकी पुढे, एका ओळीत, मध्ये हातभर जागा ठेवून चालत होते. काकी बोलत होती. बापूकाकांनी शेवटच्या दिवशी काय खाल्लं, काय म्हणाले, कोणता शर्ट घातला, जीप सुटताना त्यांनी मागे वळून हात केला की नाही. बाबा मध्येच थांबायचे, ती थांबायची, पुन्हा चालायला लागायचे. मी मागून येत होते. कोणीच मला काही सांगायला सांगत नव्हतं.